खालच्या गल्लीवर टाचणी नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

शाळेच्या मोठ्या वर्गात बैठक. बाकं जोडून त्यावर गावाचा नकाशा अंथरलेला, कोपऱ्यांवर डस्टर ठेवून. पुढच्या काळात गाव कुठे आणि कसं वाढवायचं ते गावानेच सांगायचं – शहरातल्या नियोजन कार्यालयातून आलेल्या बाई म्हणाल्या. शिंप्याने तिथल्या तिथे त्यांचं बारसं केलं – नकाशाबाई.

प्रत्येकाला मूठभर टाचण्या. हिरवी म्हणजे ‘हे असंच राहू दे’. लाल म्हणजे ‘हे बदला’.

“आणि शेजारी बदलायचा असेल तर?” – शिंपी. त्याचा शेजारी, म्हणजे गवंडी, सगळ्यात मोठ्याने हसला.

विहीर, शाळा, चौक, मैदान – बघता बघता सगळं हिरवंगार. आमच्या खालच्या गल्लीतल्या लोकांनीही तिथेच लावल्या. स्वतःच्या घरावर कुणीच नाही. मीही नाही. चारचौघांत आपल्याच दारावर टाचणी टोचायची – बरं दिसतं का ते? ताट फिरवलं तर पहिला घास आपण उचलत नाही, त्यातलंच हे. वरच्या गल्लीवाल्यांची घरं चौकाला लागून आहेत. चौकाबरोबर तीही आपोआप हिरवी झाली.

वहिनींनी टाचण्या तशाच हातात धरल्या आणि निघताना डबीत परत टाकल्या. “मला काय कळतंय नकाशातलं.”

५ नोव्हेंबर

वहिनींचा खोकला परत सुरू. थंडी पडली की हे ठरलेलंच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आराखडा शाळेच्या भिंतीवर लागला. माळावर नवी घरं. ठीक. माळावर जायला नवा रस्ता. तोही ठीक. आणि तो रस्ता आमच्या गल्लीतून! गल्लीतून म्हणजे गल्लीवरून. आमचं घर, शिंप्याचं, गवंड्याचं, टोकाचं मास्तरांचं – सगळं पाडायचं. बदल्यात माळावर घर मिळेल.

ज्या घरात मी वाढले, नोकरी संपल्यावर परत आले, जिथे दादाने वहिनींचा हात धरून शेवटचा श्वास घेतला, त्या घरावर एक राखाडी पट्टा ओढलाय. पट्टीने. सरळ.

नकाशाबाईंना वर्गातच गाठलं. दमलेल्या होत्या. जेवणाचा डबा उघडून तसाच ठेवलेला.

“गाव सगळं हिरवं झालं, ताई. तुमची गल्ली तेवढी कोरी. मला वाटलं, तिथे जीव अडकलेला नाही कुणाचा.”

“स्वतःच्या घरावर कोण लावेल? संकोच असतो माणसाला.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आमच्याकडे लोक आधी स्वतःच्याच घरावर लावतात. हे मला कुणी सांगितलं नाही हो.”

वाईट बाई नाही. म्हणाल्या, गल्लीचं एकत्र निवेदन आणा, प्रत्येक घरातून सही, पुढच्या शुक्रवारी दुपारपर्यंत. मग आराखडा परत उघडते.

शुक्रवार दुपार. वर्तमानपत्रात जन्म गेला माझा. मजकूर वेळेत देणं एवढं एकच काम मला नीट येतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

घरोघर जाऊन आले.

शिंपी मशीनवरून उठलाच नाही. “तुम्ही लिहा ताई, आम्ही सही ठोकतो. मला चार ओळी लिहायला बसवलंत तर बाही उलटी जोडीन.” त्याची बायको कापडाचे तागे घेऊन बाहेर निघाली होती. बुरशी धरते म्हणून उन्हात घालायला. गल्लीत ऊन येत नाही, म्हणून मैदानापर्यंत ओझं वाहते बिचारी. दारात थांबून म्हणाली, “माळावर नळ घरात देणार म्हणे?”

“म्हणायला काय जातंय त्यांचं.”

“तेही खरंच,” म्हणाली आणि तागे खांद्यावर घेतले.

गवंडी ओट्यावर बसून विडी ओढत होता. “मजा बघा, पाडायचं कंत्राट मलाच देतील. माझं घर मीच पाडीन आणि मजुरी घेईन.” हसलो दोघंही. मग म्हणाला, “लिहा तुम्ही. तुम्हाला येतं.”

मास्तरांना हल्ली कमी ऐकू येतं. “कधी पाडणार?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाडू देणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, “हो, पण कधी?” कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. मान हलवली. गुडघ्यावरची चादर सारखी करत बसले.

गल्ली एकजूट आहे. बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

वहिनी हल्ली रोज उन्हं कलली की माळावर जातात. चढ आहे, धाप लागते, तरी जातात. आज विचारलं, काय करता तिथे?

“बसते. वारा असतो.”

वरून आपलं छप्पर दिसतं. डोळे भरून बघून घेत असतील. निवेदन चांगलंच झालं पाहिजे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं वाक्य जमलं. बाकीचं येईल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

झालं. एक दिवस हातात ठेवून झालं – जुनी सवय.

दुपारी वहिनींना वाचून दाखवलं. त्या मटार सोलत होत्या. ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा गारवा जपणाऱ्या या भिंती’ इथे त्यांचा हात थांबला.

“गारवा. छान शब्द आहे. आपण ओल म्हणतो.”

“ओल लिहून निवेदन होतं का वहिनी?”

“नाही होत,” म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “वन्सं, किती सुंदर लिहिलंत. ऐकताना वाटलं, कुणाची गल्ली ही? जाऊन बघून यावी.”

एवढी मोठी शाबासकी संपादकांनीही कधी दिली नव्हती. वहिनींनी हात पुसले आणि सही केली. पूर्ण नाव, दादाच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं.

बाकीच्या सह्याही तासाभरात झाल्या. कुणी वाचत बसलं नाही. शिंपी म्हणाला, “तुम्ही लिहिलंय म्हणजे झालंच की.” मास्तरांच्या बोटात पेन धरवावं लागलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

वाचलं. वर्ग गच्च भरला होता, तरी टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. वरच्या गल्लीतल्या दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. नकाशाबाईंनी चष्मा काढून ठेवला. बैठकीचे अध्यक्ष उठून म्हणाले, हे गावाचं वैभव आहे, याला हात लावायचा नाही. टाळ्या. रस्ता आता डोंगराला वळसा घालून जाणार.

गल्लीतले सगळे एकत्रच घरी आलो. फारसं कुणी बोललं नाही. जीव भांड्यात पडला की माणूस असाच गप्प होतो.

शिंप्याची बायको दाराशी म्हणाली, “झोपा ताई आता. दमलात.”

२८ नोव्हेंबर, गुरुवार

गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं फोटो काढून गेली. शिंपी म्हणाला, “आता तिकीट लावा.” तो हसला नाही. मीही नाही.

२ डिसेंबर, सोमवार

सुधारलेला आराखडा लागला. खालची गल्ली – जतन विभाग. हिरव्या रंगाने भरलेली, सगळी.

खाली बारीक अक्षरात अटी. उभ्यानेच वाचल्या. भिंती, छपरं, दारं-खिडक्या आहेत तशा ठेवायच्या. नवीन बांधकाम नाही, पाडकाम नाही. वळणाच्या रस्त्याला जास्त खर्च, म्हणून माळावरची वसाहत पुढच्या टप्प्यात. आणि जेव्हा होईल तेव्हा तिथली घरं बाहेरून येणाऱ्यांना. खालच्या गल्लीला नाही. आमची सोय लागलीच आहे म्हणे.

नकाशाबाईंना विचारलं, अटींचं आधी का नाही बोललात?

“तुमच्याच निवेदनातलं वाक्य आहे ना, ‘या गल्लीतला एक दगडही हलता कामा नये’? ते तसंच घेतलं, ताई. शब्द बदलावासा वाटला नाही.”

माझंच वाक्य. तिसऱ्या परिच्छेदातलं. लिहिताना मला तेच सगळ्यात जास्त आवडलं होतं.

३ डिसेंबर

गवंडी सकाळी हत्यारं घेऊन आला. वहिनींनी बोलावलं होतं – त्यांच्या खोलीच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडायची, हवा खेळती राहावी म्हणून. मला ठाऊक नव्हतं. अटी सांगितल्या. तो भिंतीवर तळवा ठेवून उभा राहिला. तळवा ओला झाला तो विजारीला पुसला.

“मग काय करू?”

वहिनी म्हणाल्या, “चहा घेऊन जा.”

४ डिसेंबर

खोकला रात्रभर होता. दिवसाही आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

वहिनींना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, औषध देतो, पण यांना कोरड्या घरात हलवा, तेच औषध. येताना वहिनी वाटेत थांबल्या, माळाकडे तोंड करून.

“मला तिथे राहायला जायचं होतं, वन्सं. आपल्या घरावर टाचणी लावली नाही ती म्हणून. संकोच कसला आलाय त्यात?”

थोडं चालून गेल्यावर मी विचारलं, मग सही का केलीत?

“तुम्ही सही मागितलीत,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांकडे सहीच मागितलीत.”