डावा गुडघा

प्रिय सोलांज,

दोन वर्षं मी तुझे फोन घेतले नाहीत. मला गर्व चढला असं तू समजली असशील. तुझ्या आईला तर तसंच वाटतं, आणि तरीही परवा बाजारात तिनेच मला थांबवून तुझा पत्ता दिला. ला डीग बेटावर तू सायकली दुरुस्त करतेस, लंगडणं बरंच कमी झालंय, हेही तिनेच सांगितलं.

आधी बातमी सांगते. मादागास्करला हिंदी महासागरातल्या बेटांच्या खेळांत मला ज्युदोत, सत्तावन्न किलोंच्या गटात, कांस्य मिळालं. परतताना कोच बर्नार्दें पदक स्वतःच्या गळ्यात घालून झोपले आणि हवाईसुंदरीने त्यांचंच अभिनंदन केलं. त्यांनीही ते बिनदिक्कत स्वीकारलं!

उपांत्य लढत हांता नावाच्या यजमान मुलीशी होती. तिच्या डाव्या गुडघ्याला जाड पट्टी होती. कोच कानाशी म्हणाले, "डावा पाय, पोरी. दुसरं काही बघू नकोस." त्यात गैर काही नाही, खेळात हे चालतंच. तीनदा तिचा भार त्या पायावर आला, तीनदा मी पाय उचलला आणि तिथेच थांबले. शेवटी तिनेच मला उचलून पाठीवर आपटलं. अख्खं सभागृह नाचत होतं. कोचनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने कांस्यासाठी मॉरिशसची मुलगी समोर आली. तिला कुठेच पट्टी नव्हती. तिला मी मिनिटाच्या आत खांद्यावरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी हांता भाताचं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. विचारलं, "डाव्या पायावर का नाही आलीस? सगळ्या येतात." "तुझा गुडघा दुखतो ना," मी म्हणाले. ती हसली. "डावा धडधाकट आहे गं. दुखतो उजवा. पट्टी डाव्याला बांधते, म्हणजे सगळ्या तिकडे धावतात आणि माझ्या उलट्या डावात सापडतात."

मीही हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले. हरल्याचं दुःख समजून तिने आपलं केळं माझ्या ताटात ठेवलं. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या परक्या मुलीला सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला कशाला सांगतेस? जिचा गुडघा आहे तिला सांग."

निवड चाचणीच्या आठवडाभर आधी आपण पोहून आलो होतो. जिना उतरताना डावा गुडघा अडकतो, कोचना सांगू नकोस, असं तू म्हणालीस. मी त्यांना नाही सांगितलं. पण चाचणीत तुझा भार डाव्या पायावर येण्याची मी वाट पाहिली, आणि आला तेव्हा सगळ्या ताकदीने त्याच गुडघ्यावर पाय मारला. सगळे अपघात म्हणाले. मी इस्पितळात नारळाच्या दुधात शिजवलेली केळी घेऊन आले, तर उलट तूच माझी समजूत काढत बसलीस. खेळात होतं असं, म्हणालीस. त्यानंतर मला तुझा आवाज ऐकवेना.

प्रालँ बेटावर मुलींसाठी ज्युदोचा वर्ग सुरू होतोय, अकरा जणींनी नावं दिली आहेत. शनिवारी कोच बोटीने तुझ्याकडे येतील आणि माझ्याबरोबर शिकवशील का, असं विचारतील. मी तुला ओळखते, तू लगेच हो म्हणशील, कारण तुला हे ठाऊक नाही. हे न कळता तू हो म्हणू नयेस, म्हणून हे पत्र शनिवारच्या आधी पोचायला हवं. नाही म्हणालीस तर कारण कोचना मी स्वतः सांगेन. आणि हे वाचूनही आलीस, तर पडायचं कसं ते त्या मुलींना तूच शिकव. मी त्यांच्या रांगेत उभी राहीन.

तुझीच,
लिझेत