ट्रक दही नेत नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
५ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. बयाआक्कास,
नेमिनाथचा सा. जयजिनेंद्र. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. जिनेंद्रनं बेंगलोरला माझी खोली तयार केली आहे. सामानाचा ट्रक एकोणीस तारखेला येईल. सुरेखा जाऊन पाच महिने झाले, एकट्यानं किती दिवस राहणार, असं तो आणि सूनबाई अपूर्वा दोघंही म्हणतात. मी हो म्हटलं.

सामान नेणाऱ्यांचा माणूस घर बघून गेला. ते काय नेत नाहीत याचा कागद त्यानं दिला. सिलिंडर परत केला. तेलाचे डबे आणि लोणच्याची बरणी वाटून टाकली. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार घेऊन गेला. कुंड्या शेजारच्या मलिकाभाभींकडे ठेवल्या. देव मी माझ्या पिशवीतून नेईन.

दह्याचं तेवढं राहिलं आहे. आईचं विरजण तू सुरेखाला लग्नात दिलंस, ते तिनं एकेचाळीस वर्षं मोडू दिलं नाही. आता रोज संध्याकाळी मी लावतो. सकाळी ती भांडं तिरकं करून, लागलंय का बघा हो, असं विचारायची. मी पेपरातून मान वर न करता हो म्हणायचो. त्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, काका, दही कुठं नेताय, तिकडं पाकिटात मिळतंय की.

काय करावं ते कळव. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
नेमिनाथ

इचलकरंजी
८ ऑक्टोबर

चि. नेमिनाथ यास,
बयाआक्काचे अ. आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुला चहात साखर किती घालायची ते ठाऊक नव्हतं, आणि आता दही लावतोस. सुरेखानं हे बघायला पाहिजे होतं.

आईचं दही अजून चालू आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. का, ते भेटल्यावर सांगीन. माझ्याकडचं पुराच्या साली मोडलं. आठ दिवस घर सोडून राहिलो, परत आलो तर काही उरलं नव्हतं. सुरेखाकडं मागायचं धाडस झालं नाही. मोडलंस तर बघ, अशी ताकीद मीच तिला दिलेली. तेव्हापासून डेअरीचं आणून विरजते आणि कुणाला बोलत नाही.

ट्रक नेत नसेल तर माझ्याकडं आणून दे. जायच्या आधी दोन दिवस तरी ये. वरणभात करीन. तू वाळलायस असं अरिहंत म्हणत होता. माझ्या नातवाला दिसतं आणि तुला आरशात दिसत न्हाय व्हय?

माया आहे ती आहेच.
बयाआक्का

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१० ऑक्टोबर

ती. स्व. बयाआक्कास,
सा. जयजिनेंद्र.

तुझं पत्र वाचल्यावर न सांगता दही आणून देणं मला जमणार नाही.

ते मोडलं होतं. सुरेखा गेली तेव्हा तीन दिवस आपल्या घरी चूल पेटली नाही. जेवण पाहुण्यांकडून आलं. दह्याची आठवण कुणालाच झाली नाही, मलाही नाही. नंतर बघितलं तर भांडं घासून पालथं घातलेलं होतं. त्या दिवशी मी ते भांडं नुसतं हातात धरून बसलो.

बारा दिवस झाले, तुम्ही सगळे गेलात, आणि संध्याकाळी मलिकाभाभी वाटी घेऊन दारात आल्या. सुरेखा दवाखान्यात जाताना त्यांना वाटीभर दही देऊन गेली होती. म्हणाली होती, हे रोज लावत जा, मी आले की परत घेईन. त्यांनी एक दिवस चुकवला नाही. ती आली नाही, म्हणून माझ्याकडे दिलं, एवढंच त्या बोलल्या.

तेव्हा हे दही त्यांच्या स्वयंपाकघरात राहून आलेलं आहे. तू परक्या घरचं पाणी घेत नाहीस. तुला चालणार नसेल तर तसं लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. पाच महिने लपवलं, त्याची माफी असावी.

नेमिनाथ

इचलकरंजी
१२ ऑक्टोबर

चि. नेमिनाथ यास,
आशीर्वाद.

भांडं मी घासलं होतं.

चौथ्या दिवशी ओटा आवरायला घेतला. झाकण काढलं तर वर बुरशी आलेली. मोरीत ओतलं, राखेनं घासलं आणि पालथं घातलं. आईचं आहे हे ध्यानात आलं तेव्हा मी इचलकरंजीच्या गाडीत बसले होते. पाच महिने तू विचारशील म्हणून वाट बघत होते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, सुरेखानं दुसरीकडं थोडं ठेवलं असणार. तिनं ठेवलंच होतं.

मलिकाकडचं असलं तर असू दे. घेऊन ये. आणि थंडीत ती भांडं कशात गुंडाळते ते तिला विचारून ये. इथं माझं पौष महिन्यात लागत नाही.

आक्का

बेंगलोर
२२ ऑक्टोबर

ती. स्व. बयाआक्कास,
सा. जयजिनेंद्र.

सुखरूप पोचलो. ट्रक दुसऱ्या दिवशी आला. एक काच फुटली, बाकी सगळं नीट आहे. या वर्षी दिवाळी नव्हतीच. अपूर्वानं देवापुढं एक दिवा लावला.

तुझ्याकडं भांडं ठेवून परत आलो, तर मलिकाभाभींनी माझ्यासाठी स्टीलच्या डबीत वेगळं काढून ठेवलं होतं. जुन्या ओढणीत बांधलेली ती डबी रात्रभर मांडीवर घेऊन आलो. मला न्यायला आलेला जिनेंद्र गाडीत म्हणाला, बाबा, खाली ठेवा. ठेवली नाही. घराची किल्ली मी त्यांच्याकडेच दिली आहे. त्या कुंड्यांना पाणी घालतात. निघताना त्या दारातच उभ्या राहिल्या.

इथं दूध पाकिटाचं. पहिल्या रात्री लागलं नाही. डबीत चमचाभर उरलं होतं, ते दुसऱ्या संध्याकाळी लावलं आणि भाभींनी सांगितलं होतं तसं ओढणीत गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं. आज सकाळी उठून भांडं तिरकं केलं. हललं नाही.

लागलंय, असं मी मोठ्यानं म्हणालो. अपूर्वानं आतून विचारलं, बाबा, काही हवंय का. काही नको म्हटलं.

तुझ्याकडचं कसं लागतंय ते लिही. माझ्यावर रागावत जा, पण पत्र पाठवत जा.

तुझा,
नेमिनाथ