व्याह्यांनी ट्रकचं खोकं उघडलं

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे मनाने साष्टांग आणि शरीराने खुर्चीतूनच. गोड मानून घे.) तुझ्या खोकल्याचं काय झालं? फोनवर तू "आता अगदी बरा आहे" म्हणालीस आणि पाठोपाठ अशी काही खोकलीस की शेजारच्या खोलीतून तुझ्या भावजयीने विचारलं, "कोण पडलं?" काढा, वाफ, जे काय चालू असेल ते चालू ठेव आणि पंख्याखाली बसू नकोस. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझी भावजय ठणठणीत आहे, दुकान चालू आहे, आणि मी कसा आहे ते पुढे येईलच. फोनवर सांगता येण्याजोगी ही गोष्ट नाही, कारण ज्यांच्याविषयी सांगायची ते गृहस्थ माझ्यापासून हातभर अंतरावर बसून चाकांना काळा रंग देत आहेत. काय लिहिताय म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, "बहिणीची तब्येत विचारतोय." हे खोटं नाही. वरच्या चार ओळी पाहा.

तर गृहस्थ म्हणजे आपले व्याही, धाकटीचे सासरे. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं हे तुला ठाऊक आहे. धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आमचं घर तळमजल्यावर. तेव्हा, "बरं वाटेपर्यंत अप्पांना तुमच्याकडे ठेवू का?" असं धाकटीने विचारलं आणि मी काही बोलायच्या आत तुझ्या भावजयीने मागच्या खोलीत पलंगावर नवी चादर घातलीसुद्धा. व्याही जन्मभर भूल देणारे डॉक्टर. बोलणं इतकं संथ आणि मऊ की ऐकणाऱ्याच्या पापण्या जड व्हाव्यात. (परवा दारावर पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला एक जण आला होता. व्याह्यांनी त्याला बसवून पाण्याविषयी दोन शब्द सांगितले. तो जांभया देत, यंत्र इथेच विसरून गेला.) माणूस सज्जन, खाणं बेताचं, तक्रार शून्य. आणि व्याही म्हटले की मान आला. आपल्या भावाला आपण "हात लावू नकोस" म्हणतो. व्याह्यांना म्हणता येत नाही. या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथेच आहे.

माझं कपाट तू पाहिलं आहेस. मागच्या खेपेला, "यात कपडे ठेवले असते तर माणसाच्या कामी आलं असतं," असं म्हणाली होतीस, तेच. त्यात जुन्या मोटारींची आणि ट्रकची किटं आहेत. म्हणजे खऱ्या गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती, पण सुट्या भागांत. खोक्यावर अख्ख्या गाडीचं रंगीत चित्र, आत प्लास्टिकच्या जाळ्यांना लटकलेले दरवाजे, मडगार्ड, आरसे, चाकं. आपण बसून कापायचं, घासायचं, जोडायचं, रंगवायचं. आपण म्हणजे इतर लोकांनी. मी आजवर एकही जोडलेलं नव्हतं. खोक्यावरचं पारदर्शक आवरणसुद्धा कधी फाडलं नाही. लोक विचारत, "कधी जोडणार?" मी म्हणे, "सवड मिळाली की." सवड मिळून बरीच वर्षं झाली. आता दुकानात चष्म्याचे बारीक स्क्रू पिळायचं काम मदतनीसच करतो. माझा हात थोडा थरथरतो. तो कपाटासमोर थरथरत नाही, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की थरथरतो. आणि ताई, न उघडलेल्या खोक्यातली गाडी कधी वाकडी होत नाही. तिच्यावर बोटांचे ठसे पडत नाहीत. चित्रात असते तशीच्या तशी राहते. मला ते पुरत होतं.

मग तो मंगळवार आला. मी दुकानातून जेवायला घरी आलो तर मागच्या खोलीतून टक, टक असा आवाज. व्याही टेबलापाशी बसलेले, पाय स्टुलावर, आणि समोर माझा नाकवाला ट्रक. म्हणजे त्याचं खोकं, सताड उघडं. गोल नाकाचा, लाकडी फळ्यांच्या हौद्याचा, जुना, कपाटातला सगळ्यात दुर्मिळ तुकडा. आवरण फाडलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेला शोभेल अशा एका सरळ रेषेत कापून, घडी करून बाजूला ठेवलं होतं. भाग मोकळे करून बशांमध्ये मांडले होते. (बशा तुझ्या भावजयीने दिल्या. खोकंही तिनेच काढून दिलं. "बसून बसून कंटाळले होते हो, आणि तुम्ही तरी त्याचं काय करता?")  व्याही मान वर करून म्हणाले, "व्याहीबुवा, तुमची वस्तू विचारल्यावाचून घेतली. राग नाही ना?"

यावर माणसाने काय म्हणावं? मी म्हटलं, "छे, छे! उलट बरं झालं." हे वाक्य माझ्या घशातून कसं बाहेर पडलं ते माझं मला ठाऊक. जेवण गेलं नाही. संध्याकाळी व्याही डुलकी घेत असताना मी उरलेली खोकी माळ्यावर, गाद्यांच्या मागे नेऊन लपवली. कंबर धरली ती तेव्हा. कंबर कशाने धरली हे कुणालाही सांगता येईना, म्हणून दुकानात घसरलो असं सांगितलं. तर व्याह्यांनी स्वतः लंगडत येऊन मला मलम चोळलं! मला इतकी लाज वाटली की पाठीपेक्षा तीच जास्त झोंबत होती.

पुढे दोन दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. चेहरा उतरलेला. "व्याहीबुवा, माझ्या हातून मोठी चूक झाली. ट्रकचं स्टिअरिंग सापडत नाही." झालं! आम्ही सगळे जमिनीवर. मी धरलेल्या कंबरेने पलंगाखाली, तुझी भावजय केरसुणी घेऊन केराच्या डब्यापाशी, व्याही चादर झटकत. बशा पाहिल्या, बशांखाली पाहिलं, त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या उलट्या केल्या. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मीच हरवलं. दुसऱ्याची इतक्या जपणुकीची वस्तू, आणि मी..." शेवटी मी त्या प्लास्टिकच्या जाळ्या उजेडात धरून पाहिल्या. जिथे स्टिअरिंग असायला हवं तिथे नुसती काडी होती. तुटल्याची खूण नाही, कापल्याची नाही. साच्यात ते उतरलंच नव्हतं. कारखान्यातूनच तसं आलं होतं.

ताई, मी पलंगावर बसलो. इतकी वर्षं त्या ट्रकवर धूळ बसू दिली नाही, पाहुण्यांची पोरं आली की कपाटाला कुलूप लावलं, एकदा पावसाचं पाणी घरात शिरलं तेव्हा घरातली कागदपत्रं सोडून आधी तो उचलला. आणि एवढा वेळ आत स्टिअरिंगच नव्हतं. मी ज्याला परिपूर्ण म्हणत होतो ते खोक्यावरचं चित्र होतं. उघडलं नसतं तर मी सुखाने मेलो असतो, यात शंका नाही. पण उघडल्यावर त्या अर्ध्या ट्रकची मला पहिल्यांदाच माया वाटली. तोवर नुसता अभिमान होता. हे मी व्याह्यांना बोलून दाखवलं नाही. फक्त म्हटलं, "थांबा, दुकानातून काहीतरी आणतो."

आणलं काय, तर लहान मुलाच्या मोडक्या चष्म्याची तारेची फ्रेम. ती तार मार्कर पेनच्या टोपणाभोवती वळवली की हव्या त्या मापाचं कडं होतं. आडव्या दांड्यांना त्याच फ्रेमचे तुकडे, मधोमध चष्म्याचाच स्क्रू. सगळं डोक्यात तयार होतं, पण चिमटा उचलला आणि हात थरथरला. तार उडून थेट चहात. मी म्हटलं, "राहू दे, मदतनीसाला सांगतो." व्याही त्या झोप आणणाऱ्या आवाजात म्हणाले, "कोपरं टेबलावर टेका. मनगट पुस्तकावर. श्वास सोडताना वळवा, घेताना नाही." टेकली. वळवलं. तार वळली! थोडी अंडाकृती झाली, पण वळली.

ते काम करता करता ते जे बोलले ते तुला सांगितलंच पाहिजे. म्हणाले, "मी हजारो लोकांना झोपवलं आणि उठवलं. पण लोक आभार मानतात ते सर्जनचे. मला कुणी ओळखत नाही. ओळखणार कसे, माझं काम सुरू झालं की ते झोपलेले. माझ्या हातची एकही गोष्ट कधी टेबलावर उभी राहिलेली मी पाहिली नाही." मग त्या बिनरंगाच्या ट्रककडे बघून म्हणाले, "हा उभा राहील." तिकडे धाकटीकडे सगळं चांगलं आहे म्हणाले, पोरं जीव लावतात. पण दोघंही सकाळी कामाला जातात, आणि मग दिवसभर घर आणि ते.

आता मुख्य प्रसंग. स्टिअरिंग बसवायला मी दुकानातली चटकन चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब आणली होती. तुझी भावजय शिंप्याकडे गेलेली. व्याह्यांनी ट्रकची केबिन डावीकडून धरली, मी उजवीकडून, आणि ट्यूब दाबली. माझा हात टेकलेला होता, श्वास सोडलेला होता, सगळं शास्त्राप्रमाणे. पण ट्यूबचं तोंड बुजलेलं होतं ते एकाएकी मोकळं झालं. स्टिअरिंग झकास बसलं. त्याबरोबर माझी दोन बोटं उजव्या दाराला आणि त्यांचा अंगठा डाव्या दाराला बसला. आम्ही शांतपणे एकमेकांकडे पाहिलं. ओढून पाहिलं. आणि दाराची घंटा वाजली.

घंटा थांबेना. शेवटी आम्ही निघालो. मधे ट्रक, एका बाजूला मी कंबरेत वाकलेला, दुसऱ्या बाजूला व्याही. वधूवरांनीसुद्धा इतकं पावलाला पाऊल जुळवून चालू नये. दार मी कोपराने उघडलं. बाहेर धाकटी आणि जावई.

"बाबा, हे काय?"

"ट्रक," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

जावई तोंड फिरवून हसत होता. धाकटीने पर्समधून नखांचा रंग काढायचं औषध काढलं. त्याने बोटं लगेच सुटली असती, पण ते प्लास्टिकला लागलं की प्लास्टिक विरघळतं. आम्ही दोघे एकदमच ओरडलो, "नको!" मग एका पातेल्यात कोमट साबणाचं पाणी, दोन व्याही बोटं बुडवून समोरासमोर, ट्रक मधे तरंगतोय, आणि पोरगी उलटतपासणी घेतेय. ते दोघे आले होते अप्पांना न्यायला. "अप्पा, हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जिने चढायला आता हरकत नाही."

 व्याही पाण्यातल्या ट्रककडे बघत राहिले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "छे, एवढ्यात कुठले जिने? न्हाणीघरापर्यंत जाताना किती त्रास होतो त्यांना!"

"बाबा, आत्ता दारापासून आत येताना अप्पा तुमच्यापुढे चालत होते."

"पुढे नव्हते. मी त्यांना ढकलत होतो."

धाकटीने आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिलं. ती लहानपणी माझ्याकडे असं पाहायची तेव्हा मी तिला खाऊ द्यायचो. आता हात पाण्यात. शेवटी म्हणाली, "बरं, बघू. कुणा जाणत्या माणसाला विचारते आणि ठरवते." बोटं सुटली, ते दोघे चहा घेऊन गेले. व्याह्यांनी संध्याकाळपर्यंत ट्रकची केबिन पुसून कोरडी केली. मग म्हणाले, "व्याहीबुवा, हौद्याच्या फळ्यांना कोणता रंग?" मी म्हटलं, तपकिरी. ते म्हणाले, हिरवा. यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते अजून चालू आहे. इतकं बरं वाटतंय, काय सांगू!

बाकी क्षेम. तुझी भावजय नमस्कार सांगते. खोकल्याला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. माळ्यावरची खोकी खाली आली. ती व्याह्यांनीच काढली, स्टुलावर चढून. हे वाक्य वाचून झाल्यावर विसरून जा.

ता. क. दुसरा. धाकटी ज्या जाणत्या माणसाला विचारणार आहे ते माणूस म्हणजे तू. एवढी वर्षं हॉस्पिटलात मेट्रन होतीस, तुझ्या शब्दापुढे हाडांचे डॉक्टरही गप्प बसतात, आणि तू कधी खोटं बोलत नाहीस हे सगळ्या घराला माहीत आहे. म्हणूनच तर तुला एवढं सविस्तर लिहिलं. तिचा फोन येईल. "या वयात घाई नको, अजून महिनाभर तरी जिने नकोत," एवढंच म्हण. मधे खोकला आला तर उत्तमच, पुढचं तिला विचारता येणार नाही.

ता. क. तिसरा. पत्र व्याह्यांनी मागून घेतलं आणि वाचलं. (व्याह्यांना नाही म्हणता येत नाही.) त्यांचं म्हणणं, ताईंना खोटं बोलायला लावू नका, गुडघा खरोखरच दुखतो. मला भरून आलं. मी म्हटलं, "दाखवा बघू कुठे?" तर त्यांनी डावा दाखवला. तेव्हा फोनवर नुसतं गुडघा म्हण. कोणता ते बोलू नकोस.