पॅनेलवरचं कव्हर

३ जुलै, गुरुवार
सकाळी दूध आणायला गेले तर पंपाच्या शेडवर निळी ताडपत्री. सोसायटीने पुरासाठी घेतलेल्या बोटीच्या सोलर पॅनेलवर! दोऱ्या अगदी शिस्तीत बांधलेल्या, म्हणजे सेक्रेटरी दामलेच. विचारलं तर म्हणाले, "कबुतरं घाण करतात हो, सुमनताई. नवीन वस्तू आहे, जपायला नको?"
म्हटलं, अहो, ते उन्हावर चालतं. झाकलं तर बोटीची बॅटरी कशावर चार्ज होणार?
"आपल्याला कुठे रोज बोट चालवायचीय?"
दामल्यांच्या टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. ताडपत्री सोडली, घडी करून त्यांच्या दाराशी ठेवली. संध्याकाळी परत वर.
वीट आला. दादाला यातलं काही बोलले नाही.

७ जुलै, सोमवार
आता ताडपत्रीऐवजी पारदर्शक प्लॅस्टिक. "यातून ऊन जातं ना? झालं तर मग!" ग्रुपवर फोटोही टाकला. खाली सगळ्यांचे अंगठे. आतून वाफ धरलीय, वरून कबुतरांची विष्ठा, ती धुणार कोण तर कोणीच नाही.
दादाने विचारलंच, "बॅटरी भरली का गं?" रोज विचारतो. उजवी बाजू गेल्यापासून पलंग, आणि तळमजल्याच्या या खिडकीतून दिसणारी ती बोट. भरतेय, म्हटलं. खोटं.

१५ जुलै, मंगळवार
शेडवर चढायच्या शिडीला कुलूप. किल्ली दामल्यांकडे.
गेल्या वर्षीचं डोक्यातून जात नाही. नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा चौघांनी दादाला खुर्चीसकट उचलून जिन्यात ठेवलं. दिवसभर तिथेच, पहिल्या मजल्याच्या वळणावर, ओल्या कपड्यांत. गटाराच्या पाण्याचा वास येत होता त्याला, म्हणून एक दार उघडलं नाही. दामल्यांनी आतून कडी लावली, तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. दादाने मान खाली घातली.
म्हणून वर्षभर सगळ्यांचं डोकं खाऊन ही बोट घ्यायला लावली. पाणी आलं तर दादाला बोटीत घालायचं, मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचं, तिथून भाची गाडीने वाघोलीला तिच्या घरी घेऊन जाईल. एवढंच. परत त्या जिन्यात नाही.

२२ जुलै, मंगळवार
बोटीची मोटर पाण्याच्या पिंपात बुडवून चालवून पाहिली. जरा घरघरली, बंद. बॅटरीवरचा दिवा लाल.
दामल्यांना म्हटलं, स्वारगेटला बॅटरीवाला आहे, रिक्षात घालून मी नेते आणि चार्ज करून आणते.
"बॅटरी सोसायटीची आहे. मीटिंगमध्ये ठराव झाल्याशिवाय आवाराबाहेर नेता येणार नाही."
मग चार्जर आणा.
"सोलर असताना चार्जर कशाला?"
सोलर असताना! तोंडात शिवी आली होती. मीटिंग रविवारी. हा माणूस रोज सकाळी एक तास मोठ्याने स्तोत्रं म्हणतो.

२५ जुलै, शुक्रवार
दुपारी कॉट शेडला लागून ओढली, तिच्यावर स्टूल, आणि भाजीच्या सुरीने ते प्लॅस्टिक फाडून काढलं. हात कोपरापर्यंत बरबटले. पॅनेल फडक्याने लख्ख पुसलं. आणि आभाळ भरलेलं. दिवा लालच.
धरणातून पाणी वाढवणार म्हणतात. भाचीला फोन केला, आजच ने म्हणून. ती ऑफिसच्या कामाला बाहेरगावी, "मावशी, रविवारी सकाळी नक्की येते, मामाला तयार ठेव." इथे सगळ्यांचं सगळं रविवारी.
रात्री दादाला खरं काय ते सांगून टाकलं. तो म्हणाला, "जिन्यात बसणार नाही मी, सुमे. इथेच पलंगावर राहीन."

२६ जुलै, शनिवार
पहाटे भोंगा. उठून पाहिलं तर गल्लीत पाणी, काळं, वर थर्माकोल आणि काय काय तरंगतंय. लाइट गेलेत. दादाची दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. म्हणाला, छान दिसतोय का?
बोट तरंगायला लागलीय. दिवा लाल आणि पिवळ्याच्या मध्ये कुठेतरी. कालच्या मळभातून तेवढंच मिळालं. गल्लीच्या टोकापर्यंत जाईल, पुढे वळणावर पाण्याला ओढ आहे, तिथे मोटर बंद पडली तर

दामले आत आले होते. पँट गुडघ्यापर्यंत वर, हातात टॉर्च. "सुमनताई, दादांना वर आमच्या हॉलमध्ये घेऊन चला. मुलगा आणि मी उचलतो." वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं या माणसाबद्दल, खोटं कशाला लिहू. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त ते बॅटरीचं... ग्रुपवर नका लिहू. लोक उगाच राईचा पर्वत करतात."
शिसारी आली. दादाने ऐकलं सगळं.
आता ते बाहेर उभे आहेत, मुलाला हाक मारतायत. पाणी दुसऱ्या पायरीला. दादा माझ्याकडे बघतोय. "तू म्हणशील तसं," म्हणतो. काल इतका ठाम होता.
टॉर्चच्या उजेडात हे लिहितेय, कारण उठले की, बोट की दामल्यांचा हॉल, काहीतरी एक बोलावं लागेल.