वरच्या खोलीतला संशयित

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. (खरं तर आठांपैकी एक अंग, म्हणजे उजवा हात, सध्या मनगटापाशी मुरगळलेलं आहे. तेव्हा सातच अंगांचा नमस्कार गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? काका कानाचं यंत्र लावायला लागले, की 'ऐकण्यासारखं कोणी बोलतच नाही' या मतावर अजून ठाम आहेत? मी मजेत आहे. हे अक्षर डाव्या हाताचं आहे, पण तुझ्या मते माझं उजव्या हाताचंही असंच असतं, त्यामुळे फार काही बिघडलेलं नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू 'मग पुढे?' म्हणतेस आणि मी घाबरून नको ते आधी बोलून बसतो. ही गोष्ट क्रमानं सांगण्यासारखी आहे. शिवाय जे काही झालं ते त्या फोनपायीच झालं, म्हणून त्याच्यावर माझा सध्या राग आहे.

ही खोली तूच शोधून दिलीस. तुझी शाळेतली मैत्रीण, एकटी राहते, घर शांत आहे, पोराचा अभ्यास होईल, असं तू आईला म्हणाली होतीस. घर शांत आहे हे खरं. इतकं शांत, की मी वर चमचा खाली ठेवला तर खालून बाईंचं खाकरणं ऐकू येतं. (मी त्यांना 'बाई' म्हणतो. पहिल्या दिवशी 'मावशी' म्हणालो, तर म्हणाल्या की नातं नसताना नातं लावू नये, अर्थ बदलतो.) त्या तीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासत होत्या हे तू सांगितलं होतंस. ते मी विसरलो नव्हतो. फक्त त्याचा उपयोग करायला हवा तेव्हा केला नाही. बाईंच्या घरात प्रत्येक भिंतीवर एक सूचना आहे. 'नळ पूर्ण बंद करावा.' 'गीझर सात ते सव्वासात, नंतर नाही.' गीझरचं बटण खालच्या मजल्यावर बाईंच्या पलंगाशेजारी, त्यामुळे सात सोळाला डोक्याला साबण असेल तर तो माझा दोष.

आता मुख्य विषयाकडे येतो, म्हणजे रहस्यकथांकडे. हा नाद तुझ्याच कपाटातून लागला, हे आईला अजून माहीत नाही आणि मीही सांगणार नाही. औषधशास्त्राच्या अभ्यासात विषांचा एक भाग असतो. तो वाचताना मला वाटलं की एवढं शिकून नुसतं परीक्षेत लिहायचं म्हणजे विद्येचा अपमान आहे. म्हणून मी कादंबऱ्यांत त्याचा उपयोग कसा करतात ते पाहायला लागलो. पहिल्या पाच महिन्यांत एकेचाळीस कादंबऱ्या झाल्या. (पाठ्यपुस्तक एकच होतं, ते सावकाश चाललं होतं.) आणि एकट्यानं वाचून पोट फुगतं, म्हणून मी फोनवर 'शेवटचं पान आधी वाचू नये मंडळा'चा सभासद झालो. तिथे दोनशे माणसं आहेत आणि कोणाचंही खरं नाव नाही. मी 'निळा हातमोजा'. मावशी, हे ऑनलाइन जग मोठं मजेदार आहे बघ. कादंबरीत माणसाला चेहरा असतो, पण तो मनातलं लपवतो. इथे चेहराच नसतो, त्यामुळे मनातलं भडाभडा बाहेर पडतं, आणि ते आपण कोणासमोर ओततोय याचा पत्ता नसतो.

या मंडळात 'मूक साक्षीदार' नावाचा एक सभासद होता. कुठलीही कादंबरी घ्या, चाळिसाव्या पानाच्या आत तो खुनी कोण ते सांगायचा, आणि कधी चुकला नाही. त्याचं सगळं लिहिणं कर्मणी प्रयोगात. 'दोर आतून कापला गेला.' 'चहा अर्धाच घेतला गेला.' मी मनाशी ठरवून टाकलं की हा निवृत्त गुप्तहेर आहे, पांढऱ्या मिशांचा, आणि 'मी' न म्हणण्याची सवय त्याला खात्यात लागली आहे. तो माझ्या लिहिण्यातले ऱ्हस्व-दीर्घही सुधारायचा. तेही मी खात्याच्या शिस्तीत धरलं. एकदा त्यानं लिहिलं होतं की रहस्यकथा वाचणं हेच कधीकाळी काम होतं, पण शेवट हाती लागायचा नाही. मला वाटलं, सरकारी गुपित असणार.

आमची गट्टी जमली. सात महिने रोज दुपारी चार वाजता आम्ही दोघं बोलायचो. मी त्याला 'खालच्या मजल्यावरच्या जेलर'च्या तक्रारी सांगायचो. तो मला 'वरच्या खोलीतल्या संशयिता'चा अहवाल द्यायचा. (तू आता हसतेयस. हस. दोनशे सत्तर पानांच्या कादंबऱ्यांत खुनी शोधणाऱ्या माणसाला हे कळायला सात महिने लागले.) हा संशयित लहान लहान बाटल्या घेऊन घरी येतो, त्याच्या टेबलावर विषांचं पुस्तक उघडं असतं, आणि तो अधूनमधून आग्रहानं चहा करून देतो, असं साक्षीदारानं कळवलं. माझ्या अंगावर काटा आला. मी ताबडतोब लिहिलं, त्याच्या हातचा चहा तोंडालाही लावू नका. त्यानंतर बाईंनी माझा चहा घेणं बंद केलं, आणि मी साक्षीदाराकडे तक्रार केली की जेलर आता माझा चहासुद्धा घेत नाही. त्यानं लिहिलं, कृतघ्न माणसांना चहा देऊच नये. गरम पाण्याची वेळ कमी केली की संशयित वठणीवर येतो, हा सल्लाही माझाच. आधी गीझर पावणेआठपर्यंत चालू असायचा.

आता हाताबद्दल. साक्षीदाराला शंका होती की संशयित दुपारी गुपचूप खाली येऊन कपाटं चाचपतो. (मी पाणी प्यायला येतो.) मी जुना उपाय सांगितला: जिन्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा, पावलं उमटतील. हे मंगळवारी सांगितलं. बुधवारी तीन वाजता मी पाणी प्यायला निघालो आणि पाचव्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर पोहोचलो. बाई धावत आल्या, मनगटाला बर्फ लावला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन गेल्या. संध्याकाळी साक्षीदाराचा निरोप होता, 'संशयित जिन्यावर सापडला. त्याला दुखापत झाली.' मी डाव्या हातानं एक एक अक्षर शोधून लिहिलं, 'अभिनंदन.' पुढे हेही लिहिलं की योगायोग म्हणजे आज मीही पडलो. त्यानं काळजीनं विचारलं, फार लागलं का.

यानंतर साक्षीदार जरा गळाठला. संशयिताचं काय करावं कळत नाही, असं त्यानं लिहिलं. मी म्हटलं, अशा माणसाला घरात ठेवणं धोक्याचं आहे, महिनाअखेर खोली सोडायला सांगा, तुम्हाला संकोच वाटत असेल तर मी मसुदा करून देतो. आणि दिला. कडक, सभ्य, तीन वाक्यांचा. स्वतःच्या भाषेवर मी खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून एक कागद आत सरकला. मी उचलला. माझा मसुदा होता. शब्द न् शब्द माझा. फक्त माझ्या चार चुका सुधारलेल्या होत्या आणि दुसऱ्या वाक्यात, जिथे मी स्वल्पविराम दिला होता, तिथे अर्धविराम होता.

मी तासभर पलंगावर बसून राहिलो. मावशी, कादंबरीत अशा ठिकाणी नायकाच्या डोक्यात सगळे दुवे लखकन जुळतात. माझ्या डोक्यात तसं काही लखकन झालं नाही. एकेक गोष्ट आठवत गेली आणि मी जास्त जास्त ओशाळत गेलो. त्याच माणसानं मला लिहिलं होतं की छापखान्यात पुस्तकाची पानं सोळा-सोळा करून येत, शेवटची सोळा नेहमी मुख्य तपासनिसाच्या टेबलावर जात, आणि पुस्तक छापून येईपर्यंत पुढच्याची प्रूफं समोर पडलेली असत. मग शेवट स्वतःच ओळखायची सवय लागली. (यात 'छापखाना' हा शब्द स्पष्ट होता. मी तो गुप्तहेरांचा छुपा छापखाना समजलो.) आणि दिवाळखोर अक्कल माझी, की एका दुपारी त्यानं लिहिलेलं एक वाक्य मी वाचून सोडून दिलं होतं: 'संशयिताची पावलं वर वाजली की घर रिकामं वाटत नाही, पण हे त्याला सांगितलं जाणार नाही.'

मी खाली गेलो. बाई स्वयंपाकघरात वीज कंपनीचं पत्रक लाल पेन्सिलीनं तपासत बसल्या होत्या. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "बाई, निळा हातमोजा मी आहे."

त्यांनी चष्मा काढला. पदरानं पुसला, परत लावला, परत काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे सात महिने मी तुझी तक्रार तुझ्याकडेच करत होते."

मी म्हटलं, मीही तेच केलं. त्यांनी विचारलं की जेलर म्हणजे कोण. मी भिंतीवरची गीझरची सूचना वाचायला लागलो. त्यांनी पत्रक बाजूला सरकवलं. मग उठून आत गेल्या आणि बटणाचा आवाज आला. सकाळचे अकरा वाजले होते आणि गीझर चालू झाला होता. परत येऊन म्हणाल्या, "चहा कर. डाव्या हातानं जमेल तसा."

तो चहा त्यांनी पूर्ण घेतला. दाराखालचा कागद मी परत दिला, त्यांनी तो घडी करून चहाच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाल्या, मसुदा चांगला होता. मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला, पण कागद संपत आला आहे, तेव्हा इथेच थांबतो. काकांना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
वरच्या खोलीतला

ता. क. कागद संपलेला नाही. बाईंनी विचारलं, "त्या दोन विषयांचं घरी कळवलंस?" मूक साक्षीदाराला मी कधीतरी सांगून बसलो होतो की दोन पेपरांत नापास झालोय आणि घरी कोणाला माहीत नाही. त्याला वाटलं होतं की मी पन्नाशीचा नोकरदार आहे आणि बढतीच्या परीक्षेत अडकलोय. त्यानं फार छान धीर दिला होता.

ता. क. २. बाई तुला दर महिन्याला पत्र लिहितात. मी म्हटलं, तुम्हीच कळवा. त्या म्हणाल्या, "मी दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका काढते, मजकूर लिहीत नाही. तूच लिही." म्हणून हे पत्र. नाहीतर मनगट मुरगळल्याचं एका ओळीत कळवलं असतं.

ता. क. ३. शनिवारी सकाळच्या गाडीनं घरी येतोय, आईबाबांना स्वतः सांगायला. दहापर्यंत पोहोचेन. तू नऊलाच आमच्याकडे जाऊन बसशील का? काही बोलू नकोस, आईच्या शेजारी नुसती बस. ती तुझ्यासमोर मला फार वेळ रागावत नाही. बाईंनाही यायचं आहे. तुला भेटायला येते असं म्हणतात, पण तिकिटं काढताना माझ्या शेजारची जागा त्यांनी दोनदा तपासून घेतली.