फोन मराठीत झाला होता

१७ ऑगस्ट, रविवार. ॲडम्सटाउन

फॉर्म नंबर एक्केचाळीस. चारुदत्त. तोच! पेशा: कन्सल्टंट सर्जन. सोबत बायको नंदिनी, मुलगी स्वरांगी, वय चौदा. तीनदा वाचलं. चहा गार झाला.

जहाजावरची डॉक्टर म्हणून आठ दिवसांचं काम घेतलंय मी. आइसलंडहून ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याला, खाड्या आणि हिमनग बघायला. प्रवासी म्हणजे चाळीसेक आयरिश डॉक्टर आणि त्यांची बायकामुलं. दिवसभर फिरायचं, संध्याकाळी एखादं लेक्चर ऐकायचं, की झाली परिषद, मिळालं सर्टिफिकेट. सगळ्यांचे तब्येतीचे फॉर्म आधी माझ्याकडे येतात. ज्या माणसाचं तोंड दिसेल म्हणून मी आठ वर्षं लोकांची लग्नं, बारशी, दिवाळ्या टाळल्या, तो आपल्या पायांनी माझ्या यादीत येऊन बसलाय.

सुश्रुत म्हणाला, "कळव त्यांना, दुसरा डॉक्टर बघा म्हणून. घरचं कारण सांग काहीतरी." नवरा आहे म्हणून ऐकून घेतलं. मी का नाही जायचं? आठ वर्षं मीच नाही जायचं?

१८ ऑगस्ट

एकदा लिहूनच काढते, म्हणजे जहाजावर डोकं ताळ्यावर राहील.

आयर्लंडमध्ये येऊन पाच महिने झाले होते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, पश्चिमेकडचं. रविवार, दुपारचे चार. मिस्टर कॉनली, वय एकाहत्तर, रिटायर्ड बस ड्रायव्हर. पन्हळ साफ करताना शिडीवरून पडले होते. डोकं दुखतंय, एकदा उलटी. काहीही विचारा, उत्तर एकच: "आय'म ग्रँड, डॉक्टर." म्हणजे मी मजेत आहे. बायकोला म्हणत होते, चल, मॅच चुकेल.

मला डोक्याचा सीटी स्कॅन करावासा वाटत होता. रविवारी सीटीवाल्याला घरून बोलवावं लागायचं आणि ते ठरवायचं रजिस्ट्रारने, म्हणजे माझ्या वरच्या डॉक्टरने. रजिस्ट्रार चारुदत्त. ऑपरेशन थिएटरमध्ये होता. कुणीतरी त्याच्या कानाला फोन धरला. आम्ही नेहमीच मराठीत बोलायचो, आपला माणूस म्हणून किती आधार वाटायचा मला त्याचा! मी सगळी केस सांगितली. मग विचारलं, "सर, घरी सोडू, की सीटीवाल्याला बोलवू?"

"राहू दे. सकाळी बघतो."

फोन बंद.

मी मिस्टर कॉनलींना घरी पाठवलं. सकाळी नऊला या, सर बघतील, असं त्यांच्या बायकोला सांगितलं. ते सकाळपर्यंत राहिले नाहीत. डोक्यात रक्तस्राव.

चौकशीत चारुदत्त शांतपणे इंग्लिशमध्ये म्हणाला, मी तिला सांगितलं होतं, पेशंटला ठेवून घे. डोळ्याची पापणी हलली नाही. मी म्हणाले, सर म्हणाले सीटी नको, जाऊ दे. नर्स माझ्या शेजारीच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, पण फोन मराठीत झाला होता. ती बिचारी काय सांगणार? मग विश्वास कुणावर ठेवणार, पाच महिन्यांच्या पोरीवर की रजिस्ट्रारवर? अहवालात आलं: कनिष्ठ डॉक्टरने सूचना नीट पाळली नाही.

सर्जरीची सीट गेली. तेव्हापासून सहा महिने स्लायगो, सहा महिने ड्रोहेडा, जिथे माणूस कमी तिथे मी. तो कन्सल्टंट झाला.

मला त्याच्याकडून एकच वाक्य हवंय. इंग्लिशमध्ये, चारचौघांत: मी तसं म्हणालो होतो.

२३ ऑगस्ट. आइसलंड, जहाजावर

शिडीच्या वरच्या टोकाला मी आणि नर्स ईफा उभ्या. प्रवासी एकेक करून वर येत होते. तो आला. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय.

"वृंदा? अगं, किती वर्षांनी!"

हात पुढे केला. मी त्याच्या तळव्यावर सॅनिटायझर ओतलं. जहाजाचा नियमच आहे तो.

नंदिनीताई मागे होत्या. त्यांचे डोळे भरून आले. आयर्लंडमधला माझा पहिला गणपती त्यांच्याच घरी झाला होता. त्यांच्यावर राग नाही माझा. पण त्या त्याच्या बायको आहेत, त्याला मी काय करू?

२४ ऑगस्ट. समुद्रात

सगळे ओकतायत. डॉक्टरांइतके भिकारडे पेशंट जगात नाहीत. एकाला गोळी दिली तर तो मलाच तिचे दुष्परिणाम ऐकवत बसला.

एक्केचाळीस नंबर पुन्हा काढला. चार महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट. कंपनीचा नियम सहा महिन्यांचा: तोवर रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं नाही. जहाजाच्या डॉक्टरला वाटलं तर सूट देता येते.

मला नाही वाटलं.

दुपारी आला दवाखान्यात. "माझा कार्डिओलॉजिस्ट म्हणाला, काही हरकत नाही."

"इथे डॉक्टर मी आहे, सर."

"वृंदा, पन्नाशीची ट्रिप आहे ही माझी. स्वरांगीला प्रॉमिस केलंय."

"बर्फात काही झालं तर हेलिकॉप्टर यायला अर्धा दिवस लागतो. मी रिस्क घेणार नाही. रिस्क घेतली की काय होतं ते मला चांगलं माहितीये."

म्हणाला, "तू अजून रागावलेली आहेस."

"छे, सर. आय'म ग्रँड."

२५ ऑगस्ट. खाडीत

सकाळी पडदा सरकवला तर समोर बिल्डिंगएवढा हिमनग. निळा, आतून दिवा लावल्यासारखा. पाणी इतकं स्तब्ध की बोलायची चोरी. दोन्ही बाजूंना तपकिरी डोंगर, एक झाड नाही, एक झुडूप नाही. लांब कुठेतरी बर्फ तुटला, त्याचा आवाज डोंगरांत फिरून परत आला. वाटलं, सुश्रुतला आणायला हवं होतं.

सगळे लाल जॅकेट घालून रबरी बोटींत उतरले. तो वर, डेकवर, दुर्बीण घेऊन. स्वरांगी खालून हात हलवत होती. त्यानेही हलवला. मग बोट हिमनगामागे गेली तरी हात तसाच वर.

बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू?

रात्रीच्या जेवणाला ट्रिपच्या लीडरबाई आल्या. शुक्रवारच्या लेक्चरवाल्याचा घसा बसलाय, जहाजाच्या डॉक्टर बोलतील का? विषय काहीही चालेल.

हो म्हणाले. विषय: फोनवरचा सल्ला.

२६ ऑगस्ट

आजही डेकवर एकटा. मी दोनदा चहा घेतला, दोन्ही वेळा तो दिसतो त्या खिडकीत बसून.

२७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी

नंदिनीताईंनी केबिनमध्ये बोलावलं. जाणार नव्हते. गेले.

सुपारीचा गणपती. निरांजन लावलं तर आगीचा भोंगा वाजेल, म्हणून बॅटरीची पणती. दूर्वा नाहीत, कारण ग्रीनलंडला बाहेरचं बी जायला नको म्हणून ईफाने पहिल्याच दिवशी सगळ्यांचे बूट आणि खिसे व्हॅक्यूमने साफ केले, त्यात ताईंची दूर्वांची पिशवी गेली. ताईंनी स्वरांगीला सांगितलं आरती म्हण, तर ती आईला म्हणाली, "मॅम, आय ओन्ली नो द कोरस." चारुदत्तने आरती सांगितली. मी टाळ्या वाजवल्या. त्याच्याकडे न बघता.

निघताना ताई बाहेरपर्यंत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "हे हल्ली ज्युनिअर मुलांशी फोनवर मराठी बोलतच नाहीत. आपल्याकडचा असला तरी इंग्लिशच. तुझ्या त्या प्रकरणापासून."

मनात खोट असल्याशिवाय माणूस असं करतो का? खोलीवर येऊन पहिली स्लाइड केली. मोठ्या अक्षरांत, देवनागरीत: राहू दे. सकाळी बघतो. खाली इंग्लिश भाषांतर: ते सोड, सकाळी बघू.

२८ ऑगस्ट. वस्ती

साडेतीनशे माणसांचं गाव. लाल, निळी, पिवळी घरं, बाहेर साखळीला बांधलेले कुत्रे, दोरीवर वाळत घातलेलं अस्वलाचं कातडं. एक दुकान, एक चर्च, एक छोटा दवाखाना. तिथल्या नर्सशी बोलले. डॉक्टर क्वचितच येतो, एरवी सगळं फोनवर. मी विचारलं, चूक झाली तर? ती म्हणाली, म्हणून मी प्रत्येक सूचना उलट वाचून दाखवते, डॉक्टर हो म्हणेपर्यंत फोन ठेवत नाही. शहाणी आहे.

स्वरांगी माझ्याबरोबर चालत होती. बाबासाठी पोस्टकार्ड घेतलं तिने. "डॅड्ज ओन्ली रेजिंग ही कान्ट कम." येता आलं नाही म्हणून बाबा नुसता चरफडतोय म्हणे. मग मला विचारलं, मी त्यांना आधीपासून ओळखते का.

म्हटलं, एकत्र काम केलंय.

"वॉज ही साउंड?"

माणूस चांगला होता का, असं विचारत होती. कुत्र्यांकडे बघत बसले. उद्या लेक्चरला हीसुद्धा असणार. हा विचार मला आधी सुचला नव्हता असं नाही. सुचला होता. आठ वर्षांत माझ्या आईबाबांनी जे ऐकलं ते हिनेही एकदा ऐकावं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

झालं. बोलले.

हॉल भरलेला. तो नंदिनीताईंबरोबर तिसऱ्या रांगेत, स्वरांगी कडेला. मी सगळं सांगितलं. शिडी, मॅच, ग्रँड, फोन. मग स्लाइड लावली. मराठी वाचून दाखवलं, भाषांतर वाचून दाखवलं. म्हणाले, चौकशीत हे शब्द आलेच नाहीत, कारण चौकशी इंग्लिशमध्ये होती. आणि हे बोलणारा रजिस्ट्रार आत्ता या हॉलमध्ये बसलाय. नाव घेतलं.

तो उभा राहिला. मला वाटलं नाकारेल, आणि मला तेच हवं होतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण तो पडद्याकडे बघत राहिला. बराच वेळ. ओठ हलत होते, वाचतोय असं. मग इंग्लिशमध्ये म्हणाला, "हे माझेच शब्द आहेत. अगदी हेच." चाळीस डॉक्टरांनी ऐकलं!

मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी हळू: "हे तू मला कधी सांगितलंच नव्हतंस, वृंदा."

आणि बाहेर गेला. मागोमाग ताई. स्वरांगी माझ्याकडे बघत बसली होती, मग तीही गेली.

काय सांगायचं होतं? त्याचेच शब्द त्याला सांगायचे? एक म्हातारे सर्जन येऊन माझा खांदा थोपटून म्हणाले, "फेअर प्ले टु यू." दुसरे म्हणाले, डब्लिनला पोचल्यावर हे पुढे न्यायलाच हवं, मी सही करतो. जेवणाला चारुदत्तचं टेबल रिकामं होतं. मी दोन वेळा पुडिंग घेतलं. सुश्रुतला मेसेज केला: जिंकले.

त्याचं उत्तर आलं: बरं वाटतंय का?

हो. वाटतंय.

३० ऑगस्ट. समुद्रात

पुन्हा लाटा. सकाळी नंदिनीताई स्वरांगीला घेऊन आल्या. पोरगी पांढरीफटक, पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या. मी इंजेक्शन दिलं, दवाखान्यातल्या कॉटवर झोपवलं आणि पाठ करून नोंद लिहायला बसले.

ताईंनी भिंतीकडे बघत विचारलं, "केबिनमध्ये नेऊ का हिला?"

"राहू दे. दुपारी बघते."

त्यांनी तिचे बूट काढले, पांघरूण घातलं आणि स्टूल ओढून बसल्या.

माझं पेन थांबलं. खात्री करायला वळून विचारलं, "नेत का नाही तुम्ही तिला?"

ताई म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, राहू दे."