परड्यातली रुई कुणी उपटू नये

मी, मंगल यल्लाप्पा कोलकार, वय ६३, निवृत्त कारकून, राहणार निपाणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या इच्छेने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. साठी उलटलेली बाई कॅमेरा घेऊन परड्यात पालथी पडते, म्हणून आमच्या घरात याबद्दल शंका घेतात. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व मागचे परडे मी माझ्या पगारातून घेतले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. मी अविवाहित आहे. धाकटा भाऊ दीपंकर माझ्याजवळ राहत होता, तो तीन वर्षांपूर्वी वारला. थोरले बंधू कल्लाप्पा, म्हणजे आमचे अण्णा, यांना परड्यात गाड्यांसाठी शेड घालायची आहे. ती घालता येऊ नये म्हणून हे मृत्युपत्र आहे.

२. घराच्या पुढच्या दोन खोल्या अण्णांना द्याव्यात. वडिलांच्या मागे त्यांनी मला शिकवले, ते मी विसरलेले नाही.

३. घराचा उरलेला भाग व संपूर्ण परडे अण्णांची मुलगी समता हिला द्यावे. कारण लिहून ठेवते. दीपंकर किड्यांचे, पानांचे अगदी जवळून फोटो काढायचा. आजारपणात बाहेर जाणे बंद झाले तेव्हा त्याला एवढे परडेच उरले. मी उभी राहून बघत असे. तो म्हणाला, "आक्का, वरनं समदं गवतच दिसतंय. खाली बस की." बसले, तेव्हा रुईच्या पानाखाली पट्ट्यापट्ट्याची अळी दिसली. माझ्याच घरामागे असून मी ती कधी बघितली नव्हती.

तो गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनाला येणारी माणसे परड्यात बसवायची म्हणून अण्णांनी आदल्या दिवशी माणूस लावून रुई, घाणेरी सगळे काढून टाकले. "काट्याकुट्यात लोकं बसत्यात व्हय गं, मंगल?" असे म्हणाले. अळ्या पानांसकट कचऱ्यात गेल्या. घरात पाहुणे होते, मी त्यांच्या चहाला लागले. रुईची मुळे जमिनीत राहिली होती, ती पुढे फुटली. तेव्हापासून तिथे कुणाला हात लावू दिलेला नाही.

४. दीपंकरचा कॅमेरा, जवळचे फोटो काढायची लेन्स आणि लॅपटॉप समताला. मी कॅमेरा हातात घेतला तेव्हा वर्षभर सगळे हललेलेच फोटो आले. मग कळत गेले. वारा सुटायच्या आत जावे. कोपर जमिनीला टेकावे. लेन्स फिरवत बसण्यापेक्षा आपणच केसभर पुढेमागे सरकावे. किड्याचा डोळा स्पष्ट आला नसेल तर फोटो ठेवू नये. पुढचे काम लॅपटॉपवर समताने शिकवले. मी रंग भरमसाट चढवायची, तर ती हसायची. "आत्ती, हे रुईचं पान हाय का पिस्त्याचं आईस्क्रीम? उतरव की गं!" आता मी कडा कापते, उजेड थोडा कमीजास्त करते आणि थांबते.

५. बेळगावच्या एका स्पर्धेला मी रुईवरच्या अळीचा फोटो पाठवला होता. तिथले एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पानाला भोकं लई पडल्यात. तेवढी पुसा, बक्षीस तुमचंच." मी विचारले, "मग अळी काय खाऊन जगली म्हणायची?" आणि फोटो परत घेतला. दीपंकरच्या किंवा माझ्या कोणत्याही फोटोतले भोक, फाटका पंख किंवा जाळे पुसण्याचा अधिकार मी कुणालाही देत नाही. हलू नये म्हणून किड्याला फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या माणसाला हा कॅमेरा एक दिवसही देऊ नये.

६. बँकेत माझ्या औषधपाण्यातून जे उरेल ते समताने परड्याच्या कुंपणाला लावावे.

७. माझ्या पुण्यानुमोदनाला माणसे गल्लीत बसवावीत. जागा पुरली नाही तर उभी राहतील.

८. हे मृत्युपत्र मी मेल्यावर उघडण्यासाठी नाही. याची एक प्रत आजच अण्णांच्या हातात देत आहे. शेडचे पत्रे आणले असतील तर परत करावेत. काही म्हणायचे असेल तर समताला धाक घालू नये, माझ्या तोंडावर म्हणावे. सकाळी मी परड्यातच असते. येताना बघून पाय टाकावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

(सही) मंगल यल्लाप्पा कोलकार

साक्षीदार:
(सही) नागेंद्र बसाप्पा हुद्दार, निवृत्त शिक्षक, चिकोडी
(सही) सुविधा मष्णू शिंगे, शेजारी, निपाणी

ठिकाण: निपाणी
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५